सराफ बाजारातलं हत्यारांचं दुकान आणि माझं १:३२ मापाचं मिग-२१

बाबांनी टेबललॅम्प वाकवला, मॉडेल उलटं धरलं, चाकाच्या खोबणीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "पाइप कुठायत?"

मॉडेल मिग-२१ या लढाऊ विमानाचं, १:३२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढं. खोबण म्हणजे उडाल्यावर चाक जिथे आत जातं ती पोकळी. बाबा नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यातून, निवृत्त झालेले फिटर. १९७६ साली लागले ते पस्तीस वर्षं तिथेच होते आणि त्यातली बरीच वर्षं त्यांनी मिगच्या पोटाखाली काढली. नाशिककरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: १९६४ साली एचएएलचा नाशिकचा कारखाना उभा राहिला तो मिग-२१ साठीच. इंजिनं ओडिशात कोरापुटला व्हायची, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा इथे ओझरला. बाबा आणि त्यांचे मित्र या विमानाच्या प्रकारांना एफएल, एम, बिस असं कधी म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडी त्याच क्रमाने कारखान्यातले आकडे आहेत, सत्त्याहत्तर, शहाण्णव, पंचाहत्तर. आमच्या घरी लहानपणी "आज शहाण्णवचं काम होतं" हे वाक्य जेवताना रोज ऐकू यायचं.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. तो कार्यक्रम बाबांनी टीव्हीसमोर उभं राहून पाहिला, शेवटपर्यंत बसले नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात मी माळ्यावर सहा वर्षं पडून असलेला मॉडेलचा किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, खाली काढला. एमएफ प्रकाराचा आहे, म्हणजे आपल्या शहाण्णवचा सख्खा भाऊ. इंजिन वेगळं, पण चाकं, चाकं धरणारे पाय, खोबणी जवळपास तीच. किटचा साचा चांगला आहे, भाग नीट बसतात. पण या मापात मिगचं मुख्य चाक पंचवीस मिलिमीटरचं होतं, खोबणीत बोट जातं, आणि एवढ्या मोकळ्या जागेत कंपनीने दोन-तीन उंचवटे ओतून दिलेत. १:७२ च्या लहान मापात ते चालून गेलं असतं. १:३२ च्या मापात माणूस आत डोकावतोच. त्यातून डोकावणारा फिटर असला तर काय होतं ते वर सांगितलंच.

तर हा रिव्ह्यू किटचा नाही. त्या खोबणीसाठी आणि कॉकपिटसाठी मी गेले चार महिने ज्या दुकानात जातेय त्या दुकानाचा आहे. सराफ बाजारात सोनारकामाची हत्यारं विकणारं ते दुकान आहे. मालकांना नाव छापलेलं नको होतं, म्हणून नाव देत नाही. पण सराफ बाजारात शिरून कुणालाही "सोनारी हत्यारं कुठे मिळतात" विचारलंत तर दोन-तीन दुकानं दाखवतील. त्यातलं सगळ्यात अरुंद ते हे. गाडी रविवार कारंज्याच्या अलीकडे लावा आणि चालत जा, आत गाडी घालायचा विचारही करू नका. पावसाळ्यात जाणार असाल तर आधी गोदावरीला पाणी किती आहे ते बघा. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला लागला की या गल्लीत सगळेजण माल वरच्या फळ्यांवर चढवायला लागतात आणि गिऱ्हाइकाकडे बघायला कुणाला वेळ नसतो. या दुकानाची सगळ्यात खालची फळी कायम रिकामी असते, ती त्याचसाठी.

पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "ताई, तुमचं घरी सोनारकाम आहे का?" मी पिशवीतून पंख काढून दाखवला. बावीस सेंटीमीटरांहून थोडा जास्त विस्तार आहे दोन्ही पंखांचा मिळून, त्यातला एक बाजूचा तुकडा मी नेला होता. काकांनी तो हातात घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि त्यावरच्या रेघा पाहत बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काम आमच्यासारखंच आहे. फक्त सोनं नाही." त्या दिवसापासून मला काय हवंय ते त्यांना फार समजावून सांगावं लागलेलं नाही.

आता मालाबद्दल.

सगळ्यात पहिली आणि सगळ्यात कामाची खरेदी म्हणजे तारेचं गेज. पोलादाची गोल चकती, कडेला खाचा, प्रत्येक खाचेवर नंबर. एक ते छत्तीस. दोनशे ऐंशी रुपये. सोनार याने तार मोजतात, मोटार वायंडिंगवाले याने मोजतात, आणि माझ्या मते मोठ्या मापाचं विमान बनवणाऱ्या प्रत्येकाकडे हे असायलाच हवं. कारण सांगते. बाबा एके संध्याकाळी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर खोबणीचं चित्र काढत बसले. कुठला पाइप कुठून येतो, कुठे वळतो आणि त्याचा बाहेरचा व्यास किती, सगळं आठवणीतून. बारा, दहा, आठ, सहा, चार मिलिमीटर. मी प्रत्येक आकड्याला बत्तीसने भागलं आणि गेजचा तक्ता समोर धरला. बारा मिलिमीटरचा पाइप होतो ०.३७५, आणि अठ्ठावीस गेजची तार असते ०.३७६. दहाचा होतो ०.३१२, तीस गेज आहे ०.३१५. आठचा होतो बरोबर पाव मिलिमीटर, तेहेतीस गेज आहे ०.२५४. सहाला छत्तीस गेज, चारला चाळीस. पाचही मापं केसाच्या फरकाने जुळली. मी दोनदा गणित करून पाहिलं. ज्या तारेने पंख्याची मोटार भरतात, तीच तार माझ्या मिगचा पाइप होती आणि मी ती परदेशातून मागवायला निघाले होते.

तार या दुकानात नुसती तांब्याची मिळते, तीही जाड नंबरांची. बारीक तार मी मोटार वायंडिंगच्या दुकानातून घेतली. तिथे ती वजनावर देतात आणि पन्नास ग्रॅममध्ये आयुष्यभराची बेगमी होते. एक लक्षात ठेवा. वायंडिंगच्या तारेवर इनॅमलचा थर असतो, त्यामुळे ती नंबरापेक्षा किंचित जाड भरते आणि तिच्यावर रंग नीट धरत नाही. मी बारीक पॉलिश पेपर दुमडून त्यातून तार दोनदा ओढते आणि मग प्रायमर मारते. चाळीस गेज या चकतीवर नाही, छत्तीसला ती संपते. त्यासाठी पेन्सिलवर वीस वेटोळे चिकटून घालायचे आणि एकूण रुंदी मोजायची. अडीच मिलिमीटरच्या आसपास आली की बरोबर.

दुसरी वस्तू जंतर. तार ओढून बारीक करायची पोलादी पट्टी, भोकांची, प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा किंचित लहान. साडेसहाशे रुपये. ही घेताना मी कचरत होते, कारण वापरायची कशी ते माहीत नव्हतं. दुकानाच्या मागच्या खोलीत एक बंगाली कारागीर बसतात, दुरुस्तीची कामं करतात. काकांनी मला सरळ त्यांच्यासमोर बसवलं. त्यांनी तार आधी दिव्यावर लाल केली, पाण्यात टाकली, टोक कानशीने निमुळतं केलं, तारेवर मेण फिरवलं आणि पकडीने एका दमात ओढली. मी ओढली तेव्हा मध्येच थांबले आणि तार तुटली. "थांबायचं नाही," एवढंच ते म्हणाले. तिसऱ्या वेळी जमलं. दोन नंबरांच्या मधलं माप हवं असेल तेव्हा जंतराला पर्याय नाही. चौकोनी भोकांचं जंतरही मिळतं. ते मी नंतर घेतलं आणि गोल तारेतून चौकोनी तार ओढून कॉकपिटमधल्या छोट्या कंसांसाठी वापरली. पण खरं सांगायचं तर मॉडेलवाल्याला गोल भोकांचं जंतर वर्षातून चार वेळा लागेल. बाकीच्या वेळी बाजारात मिळते ती तार पुरते. आधी गेज घ्या, जंतर सवडीने.

तिसरी गोष्ट मात्र सवडीने नको, पहिल्याच फेरीत घ्या. दाणा पाडायच्या सळया. दुकानात त्याला ग्रेनर म्हणतात. लाकडी मुठीत बसवायच्या तेवीस सळयांचा संच असतो, प्रत्येक सळईच्या टोकाला वाटीसारखा खळगा. सोनार खडा बसवताना बाजूचं सोनं या खळग्याने दाबून त्याचा गोल दाणा करतात. प्लॅस्टिकवर तीच सळई दाबून किंचित फिरवली की एक स्वच्छ वर्तुळ उमटतं आणि ते हुबेहूब पत्र्यात बसवलेल्या स्क्रूच्या डोक्यासारखं दिसतं. मिगच्या अंगावर तपासणीची झाकणं किती आहेत ते ज्याने मोजलंय त्याला कळेल मी काय म्हणतेय. प्रत्येक झाकणाला कडेने स्क्रू. किटमध्ये त्यांच्या जागी नुसती टोचलेली भोकं होती. मी ती पुटीने बुजवली, घासली आणि सगळ्यात बारीक दोन सळयांनी परत पाडली.

याच कामातला एक धडा. सळई प्लॅस्टिकवर उभी, अगदी काटकोनात टेकली पाहिजे. किंचित कलली की वर्तुळाऐवजी चंद्रकोर उमटते. मी डाव्या पंखाच्या मुळाशी अशा अकरा चंद्रकोरी पाडल्या आणि सगळ्या परत बुजवाव्या लागल्या. मग एका जुन्या खोडरबराला आरपार सरळ भोक पाडलं आणि सळई त्यातून घालून वापरायला लागले. खोडरबर प्लॅस्टिकवर टेकलं की सळई आपोआप उभी राहते. त्यानंतर एकही कोर पडली नाही.

सळयांच्याच खणात मिलग्रेनचं चाक मिळतं. दांड्याच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढं चाक आणि त्याच्या धारेवर ओळीने खळगे. दागिन्याच्या कडेला मोत्यांसारखी बारीक दाण्यांची ओळ काढायला ते असतं. मी ते ०.१३ मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक शीटवर फिरवलं, ती पट्टी कापली आणि खोबणीच्या आतल्या बरगड्यांवर चिकटवली. रिव्हेटची उठावदार ओळ तयार झाली. विमानाच्या बाहेरच्या पत्र्यावर मात्र हे चाक फिरवू नका. बाहेरचे रिव्हेट पत्र्याशी सपाट असतात आणि उठावदार दाणे तिथे चुकीचे दिसतात. आतल्या सांगाड्यावर ते शोभतात. हे मला बाबांनी सांगितलं, आणि तेव्हापासून बाहेर फुगलेले रिव्हेट असलेलं कुठलंही मॉडेल पाहिलं की माझी नजर तिथेच अडकते.

सोनारी करवत ठीक आहे. चौकट तीनशे वीस रुपयांची, पाती डझनाने. आठ शून्य नंबरचं पातं जेमतेम ०.१६ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे काप किती बारीक पडतो बघा. खोबणीचं ओतीव छत मी यानेच कापून काढलं. पात्याचे दात मुठीकडे वळलेले हवेत, काप खाली ओढताना पडतो. धातूवर चालवतो त्या वेगाने प्लॅस्टिकवर चालवलं तर घर्षणाने प्लॅस्टिक वितळतं, कापाच्या मागे परत जुळून येतं आणि पातं अडकतं. सावकाश चालवा, पात्याला साबणाची वडी लावा. पहिल्या डझनातली चार पाती गंजलेली निघाली. काकांना दाखवली, त्यांनी एक शब्द न बोलता पूर्ण डझन बदलून दिलं.

आता दुकानातल्या ज्या दोन वस्तू घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे त्या. एक, तिथला स्वस्तातला पिन व्हाइस. हातात धरून बारीक भोक पाडायचं ड्रिल असतं ते. त्याचा चक, म्हणजे ड्रिल धरणारा जबडा, मध्यावर नाही. जाड ड्रिलला फरक कळत नाही, पण ०.३ मिलिमीटरचं ड्रिल लावलं की टोक गोल फिरताना दिसतं, आणि दिसलं की मोडलंच. मी एका रविवारी तीन ड्रिल मोडली, त्यातलं एक चाकाच्या पायात अडकून राहिलं ते अजून तिथेच आहे, त्यावर पाइपचा क्लॅम्प बसवून झाकलंय. दुकानात महागातला पिन व्हाइसही आहे, दुप्पट किमतीचा. तो घ्या. दोन, चकत्या पाडायचा ठोकळा. मला तो डायलसाठी हवा होता. रशियन विमानातली बरीच घड्याळं ऐंशी मिलिमीटरची, म्हणजे माझ्या मापात अडीच मिलिमीटर. या ठोकळ्याचं सगळ्यात लहान भोक तीन मिलिमीटरचं आहे. काका म्हणाले लहान येतो, मागवतो. दोन महिने झाले, आलेला नाही. शेवटी मी चपला-पट्ट्यांचं सामान मिळतं तिथून चामड्याला भोक पाडायचा पंच घेतला आणि त्याने काम भागवलं.

चिमटे, बारीक कानशी, भिंग या गोष्टी उत्तम आहेत आणि स्वस्त आहेत. यापलीकडे त्यांबद्दल सांगण्यासारखं नाही.

इथे न मिळणाऱ्या गोष्टींबद्दलही लिहायला हवं, नाहीतर कुणी तरी सगळी यादी घेऊन जाईल आणि काकांना त्रास होईल. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि सळ्या इथे नाहीत. त्या मी एव्हरग्रीन कंपनीच्या मागवते. पस्तीस सेंटीमीटर लांबीच्या येतात, माप अचूक असतं, आणि षट्कोनी सळीही मिळते, जिच्या चकत्या कापल्या की नट तयार होतात. फलकवाल्यांकडे मिळणारा सनबोर्ड याला पर्याय नाही, त्याच्या कापलेल्या कडेला भोकं दिसतात. चिकटवायला तामिया कंपनीचं पातळ सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिकचा गोंद, हिरव्या झाकणाची चौकोनी बाटली. ब्रशने जोडाच्या कडेला टेकवलं की ते स्वतःच फटीत ओढलं जातं. धातूला ते चालत नाही, तिथे इन्स्टंट ग्लू. पण कॅनपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, आसपास इन्स्टंट ग्लू वापरू नका. त्याच्या वाफेने काचेवर पांढरा धुरकट थर बसतो. मी आरसा चिकटवताना हे अनुभवलं आणि पूर्ण कॅनपी आतून घासून परत चकाकवावी लागली.

नाकावरची लांब दांडी, वेग मोजायची पिटो ट्यूब, मी सोनाराच्या दुकानातून नाही, औषधाच्या दुकानातून आणली. किटमधली प्लॅस्टिकची दांडी वाकलेली होती. इंजेक्शनच्या सुया नंबराने मिळतात आणि नंबर वाढेल तशी सुई बारीक. अठरा नंबरच्या सुईचं आतलं भोक ०.८४ मिलिमीटर. एकवीस नंबरची बाहेरून ०.८२. म्हणजे एकवीसची अठरात अलगद सरकते. एकवीसचं आतलं भोक ०.५१ आणि सव्वीस नंबरची बाहेरून ०.४६. तीही आत जाते. तिन्ही एकात एक घातल्या की टप्प्याटप्प्याने निमुळती होत जाणारी पोलादी दांडी तयार होते, सरळ, पोकळ आणि चकचकीत. सुया कापताना पकडीने कापू नका, तोंड चेपतं. तिथे काकांची छोटी कानस कामी येते: सुई गोल फिरवत कडेने खाच पाडायची आणि हलकेच मोडायची. शहाण्णवमध्ये ही दांडी नाकाच्या मध्यावर नसून उजवीकडे सरकलेली असते, हेही लक्षात ठेवा. जुन्या सत्त्याहत्तरचे फोटो बघून बसवलीत तर चुकेल.

परत खोबणीकडे येते, कारण माझा सगळा जीव तिथे अडकला होता.

बाबांनी पाइपांबद्दल जे सांगितलं ते कुठल्याही किटच्या पुस्तिकेत नसतं. दोन पक्क्या जागांच्या मध्ये पाइप कधी नाकासमोर सरळ टाकत नाहीत, कुठेतरी एक वळण ठेवतात. विमान थरथरतं, धातू तापतो, गार होतो, आणि सरळ पाइपला ताण सोसायला जागाच नसली तर तो जोडापाशी तडकतो. वळण कधी टोकदार नसतं, पाइप चेपला तर आतला प्रवाह अडतो. आणि ठरावीक अंतरावर क्लॅम्प हवाच, नाहीतर पाइप शेजारच्या भागावर घासून झिजतो. हे ऐकल्यावर मी माझ्या आधीच्या सगळ्या मॉडेलांमधल्या तारा आठवल्या. सगळ्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या.

मग मी तार वाकवायला सुरुवात केली ती काकांकडच्या गोल नाकाच्या पकडीने. पकडीच्या टोकापासून किती अंतरावर तार धरली यावर वळणाची गोलाई ठरते, म्हणून मी पकडीच्या जबड्यावर मार्करने तीन रेघा मारल्या. दहाच्या पाइपला एक रेघ, आठला दुसरी, सहाला तिसरी. क्लॅम्पसाठी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल दुहेरी चिकटवून अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या. नटांसाठी जिथे षट्कोनी सळी जाड वाटली तिथे बारीक वायरवरच्या प्लॅस्टिकच्या चकत्या तारेत ओवल्या. रंगासाठी बाबांच्या आठवणीतले पट्टे: ऑक्सिजनला निळा, हवेला काळा, इंधनाला पिवळा. पट्टे ब्रशने मारले तर जाड होतात, म्हणून डिकलच्या, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चित्रांच्या, कागदावर रंग मारून केसाएवढ्या पट्ट्या कापून गुंडाळल्या.

चाकाच्या पायावरून खाली उतरणारी नळी वेगळी असते. मिगचे ब्रेक तेलावर नाहीत, दाबलेल्या हवेवर चालतात आणि ते लावायचा खटका वैमानिकाच्या हातातल्या दांड्यावर असतो. धावपट्टीवर मिग जाताना जो फुस्स आवाज यायचा तो ब्रेकमधून सुटणाऱ्या हवेचा, असं बाबा सांगतात आणि तो आवाज तोंडाने काढून दाखवतात. चाक वर जाताना वळतं, त्यामुळे ही नळी लवचीक हवी. मी अर्धा मिलिमीटरची सोल्डर वायर घेतली, ती शिशासारखी मऊ असते आणि वाकवली की तशीच राहते. तिच्यावर चाळीस गेजची तार चिकटून गुंडाळली. एका नळीला चाळीस मिनिटं लागली. दोन पाय, दोन नळ्या, पहिली बिघडली म्हणून तीन.

खर्चाचा हिशेब विचाराल तर दुकानात आतापर्यंत साडेतीन हजारांच्या आत गेलेत, त्यात दोन्ही जंतरं आली. ही हत्यारं पुढच्या दहा मॉडेलांना पुरतील. तयार डिटेल सेट, म्हणजे किटवर चढवायच्या बारीक भागांचा संच, परदेशातून मागवला असता तर एका विमानावर तेवढे गेले असते, वर कस्टमची ड्युटी. त्या सेटमध्ये ओझरच्या शहाण्णवची खोबण असती की नाही तेही सांगता येत नाही.

दुकान अकरानंतर उघडतं, दुपारी दीड ते चार बंद. यूपीआय चालतं. काका सुट्या सळया विकत नाहीत, ग्रेनरचा संच पूर्णच घ्यावा लागतो. लग्नसराईत जाऊ नका, काउंटरवर सगळे सोनार असतात आणि त्यांचं काम पोटाचं आहे, आपण थांबायला हवं. मॉडेलचा एखादा तुकडा सोबत न्या. तोंडाने वर्णन करून जे दहा मिनिटांत कळत नाही ते काकांना तुकडा पाहून लगेच कळतं.

गेल्या रविवारी खोबण पूर्ण झाली. बाबांना दाखवली. त्यांनी काकांकडचं भिंग डोळ्याला लावलं, बॅटरी धरली आणि बराच वेळ एकेक पाइप बोटाने हवेत गिरवत राहिले. मग म्हणाले, "लॉकवायर राहिली."

नट सैल होऊ नये म्हणून त्याला जी तार पिळून बांधतात ती. बाबांनी हिशेब सांगितला: ०.८ ची तार, दुहेरी पिळलेली. म्हणजे पिळाची जाडी दीड मिलिमीटरच्या वर थोडी, बत्तीसने भागलं तर ०.०५. चाळीस गेजसुद्धा त्याच्या दुपटीहून जाड. अशी तार जंतरातून निघणार नाही, कारागिरांनाही विचारलं, ते नाही म्हणाले. केस मात्र साधारण तेवढाच असतो. माझा काळा केस लावून पाहिला, तो नटावर चरा पडल्यासारखा दिसला. बाबांनी न बोलता डोक्यावरचा एक पांढरा केस उपटून दिला. दिव्याखाली तो पोलादासारखा चमकत होता, रंग द्यायचीही गरज नव्हती.

चिमट्याने तो दोन नटांच्या मध्ये बसवायला मला पाऊण तास लागला. बाबांनी परत भिंग लावलं. "उलट बांधलीस," ते म्हणाले. "लॉकवायरने नट घट्ट व्हायच्या दिशेला ओढला पाहिजे. अशी बांधली तर तीच नट सैल करेल." त्यांनी कॅलेंडरवर दोन नट काढून तार कुठून कुठे जाते ते दाखवलं, आणि दुसरा केस उपटून दिला.